एएसी ब्लॉकची भिंत: ब्लॉक उतरवण्यापासून गिलाव्यापर्यंतचा क्रम

एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेलं, वाफेत पक्कं केलेलं हलकं काँक्रीट) ब्लॉकच्या भिंतीला तडे गेले की खापर ब्लॉकवर फुटतं. बहुतेक वेळा ब्लॉक ठीक असतो. विटेच्या कामाची सवय त्याच्यावर लादलेली असते. वीट भिजवून लावायची, सांधा अर्ध्या इंचाचा ठेवायचा, भिंत वर बीमला भिडवून त्याच दिवशी फट बुजवायची आणि पंधरवड्यात गिलावा उरकायचा. हा क्रम विटेला चालून जातो. एएसीला चालत नाही, कारण हा ब्लॉक पाणी प्यायला की किंचित फुगतो आणि सुकताना आकसतो.

किंचित म्हणजे किती? आयएस (भारतीय मानक) २१८५ भाग ३ मध्ये सुकताना होणाऱ्या आकुंचनाची मर्यादा ग्रेड १ ला ०.०५ टक्के आणि ग्रेड २ ला ०.१० टक्के आहे. चार मीटर लांबीच्या भिंतीत ०.०५ टक्के म्हणजे २ मिमी, ०.१० टक्के म्हणजे ४ मिमी. दोन्ही टोकांना कॉलम, खाली स्लॅब, वर बीम. मधल्या भिंतीला हे दोन-चार मिमी कुठूनतरी मिळवायचेच असतात. आपण जागा ठेवली नाही, तर ती स्वतः करून घेते, आणि त्यालाच आपण तडा म्हणतो. पुढचा सगळा क्रम या हालचालीभोवती बेतलेला आहे.

## १. ड्रॉइंगवर ठरवायच्या गोष्टी

साइटवर गेल्यावर ठरवू म्हणून सोडलेल्या गोष्टी गवंडी ठरवतो, आणि तो त्या विटेच्या हिशेबाने ठरवतो. म्हणून वर्किंग ड्रॉइंगमध्ये पुढच्या चार गोष्टी आधीच हव्यात.

ब्लॉकचं माप आणि थरांचं गणित. बाजारात ६०० × २०० मिमी दर्शनी मापाचा ब्लॉक सर्रास मिळतो, जाडी १०० पासून पुढे. काही कारखाने २४० मिमी उंचीचाही देतात. कोणता येणार आहे हे खरेदी विभागाकडून आधी पक्कं करा आणि मगच उंची मांडा. नमुना म्हणून दार-खिडकी नसलेली भिंत घ्या: मजल्याची उंची ३ मीटर, बीम ४५० मिमी खोल, म्हणजे बीमखाली २५५० मिमी.

- खालचा मॉर्टरचा थर: २० मिमी
- ब्लॉकचे १२ थर: २४०० मिमी
- सहाव्या थरावर पाटली (सळई घातलेला काँक्रीटचा आडवा पट्टा): ७५ मिमी
- ३ मिमीचे ११ सांधे: ३३ मिमी

बेरीज २५२८. वर २२ मिमी फट उरते, आणि ती हवीच असते. एकही थर उभा चिरावा लागत नाही. हे गणित कागदावर केलं नाही, तर शेवटच्या थरात ६०-७० मिमीच्या चिपा बसतात आणि बीमखालची आडवी रेघ तिथेच उमटते. दार असलेल्या भिंतीत हेच गणित लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईच्या) तळापासून मांडा, आणि फरशीची जाडी धरायला विसरू नका.

भिंतीची जाडी. आतल्या भिंतींना १०० किंवा १५० मिमी. बाहेरच्या भिंतीला पावसाचा मारा असेल तिथे १५० चा मोह टाळून २०० घ्यावा, निदान कोकण आणि मुंबईत तरी. ज्या भिंतीत २० मिमीपेक्षा मोठे पाइप जाणार आहेत ती १०० ची ठेवू नका. पाइप बसतो, पण मागे भिंत उरत नाही.

लांब भिंतीचे तुकडे. १०० ची भिंत सुमारे ३ ते ३.५ मीटरच्या पुढे आणि १५०-२०० ची ४ ते ५ मीटरच्या पुढे सलग नेऊ नका. मध्ये आरसीसीचा (सळई घातलेल्या काँक्रीटचा) उभा स्टिफनर, म्हणजे भिंतीला आधार देणारा बारीक खांब, किंवा कंट्रोल जॉइंट, म्हणजे हालचालीसाठी मुद्दाम ठेवलेला सांधा हवा. हा ठोकताळा आहे. नेमकं अंतर आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनीअर देईल, पण ते मागायचं काम आर्किटेक्टचं. मोकळ्या टोकाची भिंत, म्हणजे जिचं एक टोक कशालाच बांधलेलं नाही, तिच्या टोकाला स्टिफनर हवाच.

स्पेसिफिकेशनची नोंद. 'एएसी ब्लॉक' एवढंच लिहू नका. घनतेचा गट, ग्रेड, मापातला स्वीकारार्ह फरक आणि सांध्याची जाडी लिहा. ५५१ ते ६५० किलो प्रति घनमीटर गटात ग्रेड १ ची सरासरी दाबक्षमता ४ न्यूटन प्रति चौ.मिमी, ग्रेड २ ची ३. ग्रेड न लिहिल्यास दोन्ही 'स्पेसिफिकेशनप्रमाणे' ठरतात. वाद घालायला जागाच उरत नाही.

## २. माल उतरवून घेणं आणि सुकू देणं

ब्लॉक ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेच्या भट्टीतून) बाहेर येतो तेव्हा त्यात वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी असतं. परवा निघालेला ब्लॉक आज भिंतीत बसला, तर त्याचं सगळं आकसणं भिंतीतच होणार. त्यामुळे चलनावर उत्पादनाची तारीख मागा आणि ब्लॉक निदान तीन-चार आठवडे जुना झाल्याशिवाय लावू नका.

तारखेवर विसंबू नका, वजन करा. ६०० × २०० × १५० चा ब्लॉक ०.०१८ घनमीटरचा असतो. ६०० घनतेचा असेल, तर पूर्ण कोरडा १०.८ किलो भरतो. काट्यावर १४ किलो आला, तर तो अजून ताजा किंवा भिजलेला आहे. १२ किलोच्या आसपास आला की लावायला घ्या. थप्पीच्या मध्यातले तीन ब्लॉक खडूने खूण करून दर आठवड्याला तोलायचे; थप्पीच्या कडेचे ब्लॉक लवकर सुकतात आणि फसवतात.

उतरवतानाच्या इतर गोष्टी थोडक्यात:

- ट्रकमधून फेकून उतरवू देऊ नका. कोपरे उडालेला ब्लॉक पातळ सांध्याच्या कामात निरुपयोगी असतो. त्याचे तुकडे कापून कडेला वापरता येतात.
- थप्पी पॅलेटवर किंवा फळ्यांवर, जमिनीपासून निदान १०० मिमी वर. उंची दीड मीटरच्या आत.
- वरून ताडपत्री, पण बाजू मोकळ्या. चहूकडून घट्ट गुंडाळली की आत वाफ धरते आणि सुकायचं राहूनच जातं.
- मोडतोड धरून ५ टक्के जास्त मागवा.

दहा ब्लॉकची लांबी, उंची, जाडी टेपने मोजा. लांबीत ५ मिमी आणि उंची-जाडीत ३ मिमीपर्यंत फरक मान्य असतो. उंचीत ५-६ मिमीचा फरक दिसला, तर तो ट्रक परत पाठवा. ३ मिमीच्या सांध्यात तो फरक लपवता येत नाही. मग गवंडी सांधा १०-१२ मिमीचा करतो आणि पातळ सांध्याचं सगळं तंत्रच कोलमडतं.

सावधान: एएसीच्या नावाखाली सीएलसी (सेल्युलर लाइटवेट काँक्रीट) ब्लॉक येतो. सीएलसी फेसाळ काँक्रीटचा, साच्यात ओतून हवेत पक्का केलेला, आकसतो जास्त. रंग सिमेंटसारखा गडद राखाडी आणि साच्याकडची बाजू गुळगुळीत असेल, तर शंका घ्या. एएसी फिकट असतो आणि त्याच्या बाजूंवर तारेने कापल्याच्या बारीक रेषा दिसतात. पाण्यात तरंगतो ही परीक्षा इथे कामाची नाही, हलका सीएलसीसुद्धा तरंगतो.

## ३. आखणी आणि पहिला थर

सगळ्या भिंतीचं नशीब पहिल्या थरात ठरतं. विटेच्या कामात पहिला थर वाकडा गेला, तर पुढच्या पाच-सहा थरांत सांधा कमी-जास्त करून गवंडी तो सावरून घेतो. इथे सावरायला फक्त ३ मिमी आहेत.

१. स्लॅब झाडून, खरवडून साफ करा. स्लॅब ओतताना सांडलेला काँक्रीटचा लगदा छिन्नीने काढा.

२. भिंतीच्या दोन्ही कडा दोरीने आखा, गुण्याने काटकोन तपासा. दारांच्या जागा याच वेळी खडूने टाका.

३. पाण्याच्या नळीने किंवा लेझर लेव्हलने भिंतीच्या पूर्ण लांबीत स्लॅबची पातळी घ्या. सर्वांत उंच बिंदूवर मॉर्टर १५ मिमी धरा, बाकी त्याला जुळवा.

४. पहिला थर जॉइंटिंग मॉर्टरवर (पातळ सांध्यासाठीच्या तयार मॉर्टरवर, भाग ४ पाहा) बसवायचा नाही. त्याखाली १:४ सिमेंट-वाळूचं मॉर्टर, जाडी १५ ते ३० मिमी. खड्डा याहून खोल असेल तिथे आधी काँक्रीट घालून भरा.

५. दोन टोकांचे ब्लॉक आधी बसवा, दोरी ताणा, मग मधले. प्रत्येक ब्लॉक लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे स्पिरिट लेव्हलने पाहा.

६. पहिला थर लावून त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी वर चढा.

टॉयलेट, बाथरूम आणि बाल्कनीच्या भिंती: इथे पहिला थर ब्लॉकचा नको. तयार फरशीच्या वर निदान १५० मिमी येईल इतकी काँक्रीटची कड भिंतीच्या जाडीने ओता आणि त्यावर ब्लॉक घ्या. वॉटरप्रूफिंग या कडेवरून वर चढवून ब्लॉकवर घ्यायचं. ही कड चुकवली की पलीकडच्या बेडरूमच्या स्कर्टिंगवर वर्षभरात रंग फुगतो, आणि तेव्हा मात्र प्लंबरला बोल लावला जातो.

तळमजल्यावर प्लिंथ (जोत्याच्या) बीमवर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, केल्याशिवाय ब्लॉक ठेवू नका.

तपासा: तीन मीटरची पट्टी पहिल्या थरावर आडवी ठेवा. खाली ३ मिमीहून जास्त उजेड दिसला, तर घासपट्टीने उंच भाग घासून समतल करा. एएसी घासता येतो. हा त्याचा गुण वापरा.

## ४. जॉइंटिंग मॉर्टर कालवणं

साइटवर याला 'केमिकल' म्हणतात. त्या नावाने जरा घोळ होतो, कारण केमिकल म्हटलं की गवंड्याला ते सिमेंटमध्ये थोडंसं मिसळायचं काहीतरी वाटतं. ते पोत्यातच पूर्ण तयार असतं. त्यात फक्त पाणी घालायचं. सिमेंट नाही, वाळू तर मुळीच नाही. वाळूचा एक जाड कण ३ मिमीचा सांधा बिघडवायला पुरेसा आहे.

४० किलोच्या पोत्याला साधारण १० ते १२ लिटर पाणी लागतं. नेमका आकडा पोत्यावर छापलेला असतो, तोच पाळा. आधी बादलीत पाणी, मग हळूहळू पावडर, उलट नाही. ड्रिलला लावलेल्या पात्याने गुठळ्या जाईपर्यंत ढवळा, तीन-चार मिनिटं मुरू द्या, पुन्हा एकदा ढवळा. एका गवंड्याला तासाभरात लागेल तेवढंच कालवा. घट्ट झालेल्या मॉर्टरमध्ये पुन्हा पाणी घालून सैल करणं ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे. दिसायला ते पुन्हा मऊ होतं, पण चिकटपणा गेलेला असतो.

किती लागेल याचा हिशेब: ३ मिमीच्या सांध्याने १०० च्या भिंतीला चौरस मीटरमागे जेमतेम २ लिटर मॉर्टर, म्हणजे सुमारे ३ किलो पावडर. १५० ला साडेचार, २०० ला सहा किलो. चौरस मीटरमागे ब्लॉक ८.३३. ३.६ मीटर लांब, २.७ उंच, एक दार ०.९ × २.१ असलेली १५० ची भिंत घेतली, तर दार वजा जाता ७.८३ चौ.मी.; ब्लॉक मोडतोडीसकट ६९, पावडर ३५ किलो. म्हणजे कागदावर एक पोतं. अशाच भिंतीला तीन पोती संपली, तर माल चोरीला गेला असं लगेच समजू नका. सांधे टेपने मोजा, ८-१० मिमीचे निघतील.

## ५. भिंत चढवणं

ब्लॉक भिजवायचा नाही. पुन्हा सांगावं लागतं, कारण बिगारी सवयीने पिंपात ब्लॉक टाकून ठेवतोच. जॉइंटिंग मॉर्टरमध्येच पाणी धरून ठेवणारे घटक असतात. ब्लॉकवरची धूळ ब्रशने झटका. कडक उन्हात ब्लॉक तापला असेल, तर ओल्या ब्रशचा एक हात पुरे. साध्या सिमेंट-वाळूच्या सांध्याने काम करायचंच असेल, तर ब्लॉकची फक्त सांध्याकडची बाजू ओली करा. पण मग सांधा १० मिमीचा होतो आणि वरचं थरांचं गणित नव्याने मांडावं लागतं.

लावण्याची पद्धत:

१. भिंतीच्याच रुंदीच्या दातेरी थापीने दोन-तीन ब्लॉकच्या लांबीपुरतं मॉर्टर पसरा. त्याहून जास्त पसरलं तर उन्हात साय धरते आणि वरचा ब्लॉक चिकटत नाही.

२. ब्लॉकच्या उभ्या कडेलाही मॉर्टर लावा. उभे सांधे कोरडे सोडून वरून थापीने सारवायची पद्धत सगळीकडे दिसते. बाहेरून सांधा भरलेला वाटतो, आत पोकळ असतो. पायऱ्यांसारखा जाणारा तडा अनेकदा इथूनच येतो, आणि बाहेरच्या भिंतीत पाणीही इथूनच शिरतं.

३. ब्लॉक ठेवून रबरी हातोडीने ठोका. लोखंडी हातोडी नको. सरकवायचा असेल तर पाच मिनिटांच्या आत. नंतर हलवला, तर काढून, दोन्ही बाजू खरवडून नवं मॉर्टर लावा.

४. उभा सांधा खालच्या सांध्यापासून निदान १५० मिमी दूर, शक्यतो ३०० वर.

५. कापायला करवत. कोयत्याने किंवा थापीच्या कडेने तोडलेला ब्लॉक आतून चिरलेला असतो. १५० मिमीहून लहान तुकडा थरात वापरू नका, आणि असा तुकडा कोपऱ्यात किंवा दाराच्या कडेला कधीच नको.

६. दर तीन थरांनी ओळंबा. 'नंतर गिलाव्यात काढू' हे वाक्य इथे महाग पडतं, कारण गिलावा जाड झाला की तोच तडकतो.

कॉलमला भिंत नुसती टेकवायची नाही. कॉलमच्या बाजूला दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या थराला गॅल्व्हनाइज्ड पट्टी किंवा सळई अँकर करून ब्लॉकच्या सांध्यात घ्या. ३ मिमीच्या सांध्यात ८ मिमीची सळई मावणार नाही हे उघड आहे. तिच्यासाठी ब्लॉकमध्ये खाच पाडा, नाहीतर पातळ पट्टीच घ्या. कॉलमचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी टाकी मारून खडबडीत केलेला हवा.

दिवसाला सात थरांहून जास्त चढू नका. साधारण १.४ मीटर.

जॉइंटिंग मॉर्टरच्या भिंतीला पाणी मारायचं नसतं. पाइप लावून 'क्युअरिंग' सुरू झालं की तीन आठवडे सुकवलेला ब्लॉक एका दुपारी पुन्हा भरतो.

## ६. पाटली, लिंटेल आणि चौकटी

१०० च्या भिंतीला दर १ ते १.२ मीटर उंचीवर पाटली हवी: ७५ ते १०० मिमी जाड, ८ मिमीच्या दोन सळया, आडव्या ६ मिमीच्या कड्या १५०-२०० मिमीवर. सळया कॉलममध्ये अँकर केलेल्या असाव्यात. हवेत संपणारी पाटली फक्त वजन वाढवते. ओतण्याआधी खालच्या ब्लॉकची वरची बाजू ओली करा, नाहीतर ब्लॉक काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतो आणि पाटली भुसभुशीत होते. ओलसरपणा सांगितला आहे अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

खिडकीखाली पाटली सलग न्या. फक्त खिडकीच्या रुंदीपुरती ओतली, तर खालच्या कोपऱ्यातून तिरका तडा जवळजवळ ठरलेलाच. लिंटेल दोन्ही बाजूंना निदान २०० मिमी भिंतीवर टेकावं. मोठी खिडकी असेल तर ते कॉलमपर्यंत नेणं सोपं पडतं, कापाकापीही वाचते.

चौकटीचे होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) थेट एएसीत ठोकू नका. दाराच्या प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी ब्लॉकऐवजी काँक्रीटचा ठोकळा ठेवा आणि होल्डफास्ट त्यात धरा. दाराच्या रोजच्या आपटण्याने एएसी आतून पीठ होत जातो. चौकट सहा महिन्यांनी हलायला लागते.

## ७. बीमखालची फट

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. वरच्या मजल्यांचं वजन चढतं तसा बीम थोडा वाकतो. भिंत खाली आकसते, बीमही खाली येतो, आणि दोन्हींचा वेग सारखा नसतो. फट लवकर बुजवली, तर बीम भिंतीवर भार टाकतो. बुजवून सैल पडली, तर आडवी रेघ.

- शेवटच्या थरावर २० ते २५ मिमी फट ठेवा. विटांचे तुकडे, लाकडाच्या पाचरी, सिमेंटच्या गोणीचे बोळे आत कोंबू नका.
- शेवटचा थर लागल्यापासून निदान १४ दिवस थांबा.
- जमेल तिथे सगळ्या मजल्यांचं ब्लॉककाम होऊ द्या, आणि मग वरच्या मजल्यापासून खाली येत फटी बुजवा. खालून सुरुवात केली की वरच्या प्रत्येक मजल्याचं वजन खालच्या भिंतीवर उतरत जातं.
- साध्या बीमखाली: १:४ मॉर्टरमध्ये आकुंचनरोधक मिश्रण घालून, दोन्ही बाजूंनी दाबून भरा. एका बाजूने भरलं की मधोमध पोकळी राहते.
- लांब गाळ्याचा बीम किंवा थेट स्लॅबखालची भिंत: दबणारं भरण हवं, म्हणजे फोम किंवा बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) आणि कडेला सीलंट. मग भिंतीचं डोकं आडवं ढळू नये म्हणून बीमला क्लिप किंवा अँगल लावावे लागतात.
- जिना, लिफ्ट आणि शाफ्टच्या आगरोधक भिंतींना साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरू नका. तिथे रॉकवूल आणि आगरोधक सीलंट.

## ८. झऱ्या मारणं

पाइप-वायरसाठी भिंतीत पाडायच्या खाचा, म्हणजे झऱ्या, भिंत पूर्ण होऊन आठवडा गेल्यावरच. छिन्नी-हातोडा नाही; दोन पात्यांचं कटर, आणि मधला भाग हलक्या हाताने काढायचा. उभी झरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको, म्हणजे १०० च्या भिंतीत ३३ मिमी. आडव्या झऱ्या शक्यतो नकोतच, कारण आडवी झरी म्हणजे भिंतीला आपणच दिलेला तडा. टाळता येत नसेल, तर जाडीच्या सहाव्या भागापर्यंत आणि तीही थोड्या लांबीची. त्यापेक्षा पाइप पाटलीत आधीच घाला.

एकाच जागी दोन्ही बाजूंना स्विचबोर्डचे डबे आले की १०० च्या भिंतीत आरपार भोक पडतं. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग तपासताना ही एक गोष्ट नक्की पाहा. डबे आडवे निदान ३०० मिमी सरकवा.

झरी भरताना आधी धूळ काढा, मग कडा ओल्या करा, मग पॉलिमरयुक्त मॉर्टर दोन थरांत. वरून दोन्ही बाजूंना १०० मिमी जाईल अशी फायबरची जाळी. निव्वळ सिमेंटने भरलेली झरी गिलाव्यावर पाइपच्या रेषेत उमटते.

## ९. गिलावा

ब्लॉककाम संपल्यापासून निदान तीन आठवडे आणि फट बुजवल्यापासून एक आठवडा झाला की गिलावा. पावसाळ्यात भिजलेल्या बाहेरच्या भिंतीला हे दिवस मोजून चालणार नाही. उघडीप मिळाल्यावर दिवस नव्याने मोजा.

काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी, म्हणजे एकूण ३०० मिमी रुंद. जाळी भिंतीला घट्ट चिकटवून ठोकली तर ती नुसती शोभेची. ती गिलाव्याच्या जाडीच्या मध्यात यावी, म्हणून खाली वायसर किंवा मॉर्टरच्या टिकल्या देऊन उचला. बाहेर गंजणारी जाळी नको. अल्कलीरोधक फायबर जाळी बरी.

गिलावा ब्लॉकपेक्षा कडक नसावा. १:३ चा 'मजबूत' गिलावा सुकताना जोरात आकसतो आणि खालच्या मऊ ब्लॉकची साल घेऊन सुटतो. प्रमाण १:६ ठेवा. आत १० ते १२ मिमी एका थरात, बाहेर दोन थरांत मिळून १८ ते २० मिमी. वाळू धुतलेली आणि चाळलेली. क्रश सँडमध्ये (दगड दळून केलेल्या वाळूत) बारीक भुकटी जास्त असेल, तर कितीही काळजी घ्या, जाळीसारखे बारीक तडे येतातच.

क्रम असा: भिंत झाडा, काँक्रीटच्या भागाला टाकी मारा, आदल्या संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा, सकाळी पृष्ठभाग ओलसर पण पाणी न ओघळणारा असावा, सिमेंट-वाळूचा पातळ खडबडीत थर फेकून मारा किंवा बाँडिंग कोट द्या, एक दिवसाने गिलावा. गिलाव्याला मात्र पाणी हवं, सात दिवस, फवाऱ्याने. होजपाइपच्या धारेने नाही.

आत जिप्सम करायचं असेल तर खालचा ब्लॉक पुरता सुकलेला हवा. ओलसर भिंतीवरचं जिप्सम पहिल्याच पावसाळ्यात डाग दाखवतं.

तपासा: गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करत जा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. तळहातापेक्षा मोठा भाग पोकळ असेल तर तो कापून काढा, वरून पुट्टी मारून झाकू नका.

## १०. वजन टांगणं

साधा प्लास्टिकचा प्लग आणि दीड इंची स्क्रू एएसीत पकड घेत नाही. आरसा, फोटो चालतील. ड्रिल करताना हॅमर मोड बंद ठेवा. किचनच्या कपाटांना एएसीसाठीचे लांब नायलॉन अँकर. २५ लिटरचा गीझर भरल्यावर तीस-पस्तीस किलोच्या पुढे जातो. त्याला आरपार बोल्ट आणि मागे पत्र्याची प्लेट, नाहीतर केमिकल अँकर. एसीचं आउटडोअर युनिट कुठे येणार हे माहीत असेल, तर त्या जागी आधीच पाटली किंवा काँक्रीटचे ठोकळे द्या. जिथे नक्की वजन येणार आहे, तिथे अँकरच्या चर्चेपेक्षा दोन ठोकळे स्वस्त पडतात.

## तडा गेलाच, तर आधी तो वाचा

| तडा कसा | बहुतेक कारण |
|---|---|
| बीमखाली आडवी रेघ | फट लवकर किंवा एकाच बाजूने बुजवली. जाळी नाही |
| कॉलमलगत उभी रेघ | पट्ट्या नाहीत, टाकी मारलेली नाही |
| लांब भिंतीच्या मध्यावर उभा | ओला ब्लॉक. स्टिफनर किंवा जॉइंट नाही |
| पायऱ्यांसारखा | उभे सांधे पोकळ, किंवा खालचा स्लॅब वाकतो आहे |
| खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका | लिंटेलचा टेकू कमी, पाटली तुटक |
| जाळीसारखे बारीक | फक्त गिलाव्याचे: जास्त सिमेंट, भुकटी, गिलाव्यावर कमी मारलेलं पाणी |

पायऱ्यांच्या आणि तिरक्या तड्यांवर आधी पेन्सिलने टोकं आणि तारीख लिहा, रुंदी मोजा, महिन्याने पुन्हा पाहा. वाढत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. थांबलेला असेल, तर कोरड्या दिवसांत ८-१० मिमी रुंद व्ही आकाराची खाच करा, धूळ काढा, पॉलिमरयुक्त भरण दाबून भरा, वर १०० मिमीची फायबर पट्टी आणि मग पुट्टी. बाहेरच्या बाजूला भरणाऐवजी लवचीक सीलंट घ्या. पावसाळ्यात, भिंत फुगलेली असताना भरलेला तडा उन्हाळ्यात त्याच रेषेत पुन्हा उघडतो.